तुमचंच घर

१

तुम्ही कधी आपल्याच घराचं कुलूप काढून आत पाऊल टाकताना "येऊ का?" असं विचारलंय का? आत कुणी नाही हे पक्कं ठाऊक असताना?

एल्विया किरोस रोज विचारायची. आईने लहानपणी लावलेली सवय होती ती. उंबरठ्यावर थांबायचं, "येऊ का?" म्हणायचं आणि आतून "या ना" असं आलं की मगच पाय टाकायचा. मेक्सिको शहरातल्या साबिनो गल्लीत, एकशे चौदा नंबरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सहा नंबरचा फ्लॅट तिचा. दोन वर्षं झाली, आतून "या ना" म्हणणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. तरी ती विचारायची, क्षणभर थांबायची आणि मग आत जायची. विचारलं की घर रिकामं वाटत नसे. आत कुणाचा तरी जरा डोळा लागलाय, असं वाटे.

खिडकीशी शिलाई मशीन होतं. लोक पॅन्ट आखूड करायला आणत, चेन बदलायला आणत, घट्ट झालेले कपडे सैल करायला आणत. हात चांगला होता तिचा. जीभ मात्र टोचणारी. त्या जिभेनेच घात केला होता. मुलगी सुलेमा, सव्वीस वर्षांची. पहिल्या मोठ्या नोकरीच्या मुलाखतीसाठी तिचं जॅकेट सैल करायचं होतं. दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना एल्विया सुई तोंडात धरून म्हणाली, "आता पुरे हं पोरी. सगळी शिवण सोडली. आत माया म्हणून शिल्लक नाही."

शिवणीत आत दाबून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाबद्दल ती बोलत होती. सुलेमाने ते तसं ऐकलं नाही. त्याच आठवड्यात ती दूरच्या मोंतेरेय शहरात निघून गेली, जॅकेट घेऊन. आता दर रविवारी फोन येई, चार मिनिटांचा. ती परत यावी, इथेच राहावी, एवढीच एक इच्छा घेऊन एल्विया रोज मशीनवर बसत असे. फोनवर ते बोलायला गेली की तोंडून निघायचं भलतंच. "जेवतेस ना? की नुसतं खातेस?"

आणि मग एका मंगळवारी एक बारीक, घाईतला तरुण तुटलेल्या चेनचं जॅकेट घेऊन आला. आत डोकावला, स्वयंपाकघरातल्या हिरव्या फरशा पाहिल्या, आणि जॅकेट विसरून उभाच राहिला.

"दोन्या," तो म्हणाला, तिथे वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात तसं, "तुमच्या घरात सिनेमा करू का?"

२

अहो, काय ते तीन दिवस!

त्या तरुणाचं नाव बाल्तासार. सिनेमा होता पाच गोष्टींचा. पाच दिग्दर्शक, पाच घरं, एकच शहर, आणि प्रत्येक घरात एक एकटं माणूस. तिसरी गोष्ट बाल्तासारची. तिच्यातली बाई रोज टेबलावर दोघांची पानं मांडते आणि एकटीच जेवते.

दोन वर्षं ज्या घरात एका कपाचा आवाज होता तिथे चौदा माणसं शिरली. जिन्यातून वायरी आल्या, दिवे आले, पेट्या आल्या. एल्वियाच्या प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी बसलं. त्यांचं जेवण बाहेरून येणार होतं, पण एल्विया ऐकते कुठली? पहाटे उठून तिने मोठं मातीचं भांडं भरून दालचिनीची कॉफी केली, मक्याच्या पिठाचे तामालेस वाफवले. "दोन्या, तुम्ही आम्हाला बिघडवणार," म्हणत पोरांनी पातेलं पुसून खाल्लं.

शेजारच्या पाच नंबरच्या दोन्या सोलेदाद दिवसातून दहा वेळा दारात.

"माझं नाव सोलेदाद," त्यांनी बाल्तासारला कोपऱ्यात गाठलं. "नावाचा अर्थच एकाकीपणा. मग मला का नाही घेतलं सिनेमात?"

"घरात किती माणसं आहेत तुमच्या?"

"अकरा. आणि एक पोपट."

"मग कॅमेरा काय पोपटाच्या डोक्यावर ठेवू?"

एल्विया एवढी हसली की शिवायला घेतलेला पडदा हातातून पडला. दुसऱ्या दिवशी तर तिने कमालच केली. नटी टेबलापाशी दाराकडे पाठ करून बसली होती. एल्वियाला राहवलं नाही.

"एकटी बाई अशी बसत नाही," ती म्हणाली. "दार दिसेल अशीच बसते. कुणी आलं तर?"

बाल्तासारने तिच्याकडे पाहिलं, मग खुर्ची फिरवली, मग कॅमेरा फिरवला. "दोन्या एल्वियांचं ऐका रे," तो म्हणाला. त्या संध्याकाळी एल्वियाने आरशासमोर उभं राहून ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं.

३

तिसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. सामान बांधायच्या आधी आवाजाची जबाबदारी असलेली इलेआना पुढे आली. केस अगदी बारीक कापलेली, शांत मुलगी.

"आता सगळ्यांनी जागेवर उभं राहायचं. एक मिनिट. मला खोलीची शांतता हवी."

"शांतता काय घ्यायची?" एल्वियाने विचारलं. "ती तर फुकट आहे माझ्याकडे, पोतंभर."

"प्रत्येक खोलीची वेगळी असते, दोन्या. जिथे कुणी बोलत नाही तिथे सिनेमात ती भरावी लागते. या, तुम्हीच ऐका." इलेआनाने आपला दुसरा हेडफोन तिच्या कानांवर चढवला आणि तिला आपल्या शेजारी, चालू ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या मागे उभं केलं. "आधी नाव आणि पत्ता सांगा. म्हणजे कुठली खोली ते नंतर कळेल."

एल्वियाने पदर नसला तरी सावरावा तसा झगा सावरला. आणि आईने शिकवलं होतं तसं, कुणाही भल्या माणसाने त्या शहरात सांगावं तसं, स्पष्ट आवाजात सांगितलं, "एल्विया किरोस, तुमच्या सेवेला हजर. तुमचं घर साबिनो गल्ली, एकशे चौदा, सहा नंबर."

पोरं हसली. हल्ली तरुण मंडळी असं बोलत नाहीत.

"माझ्या काकाने एका अर्जेंटिनाच्या पाहुण्याला असंच सांगितलं होतं," बाल्तासार म्हणाला. "'शनिवारी तुमच्या घरी जेवायला भेटू.' तो बिचारा आपल्या घरी स्वयंपाक करून बसला, आणि काका इकडे आपल्या घरी वाट बघतोय! त्याला माहीतच नाही, की 'तुमचं घर' म्हणजे माझंच घर. आपण नुसतं 'आभारी आहे' म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

"शांत," इलेआना म्हणाली.

सगळे थिजले. हेडफोनमधून एल्वियाला आपलं घर ऐकू येऊ लागलं. फ्रिजची घरघर. नळाचा एक थेंब. खालच्या गल्लीतली एक मोटार, पार दूर. किती भरलेली होती ती शांतता! एवढी माणसं तिच्या घरात उभी होती, आणि घर श्वास घेत होतं.

मग अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं, "हो. आलेच."

एल्वियाने मान वळवली. मागे भिंत होती.

"कोण बोललं?" इलेआनाने हेडफोन काढला. "'आलेच' कोण म्हणालं?"

कुणीच नाही. तिने रेकॉर्डिंग पुन्हा लावून पाहिलं. होतं. हळू, बाईमाणसाचं, उत्साहाने निघालेल्या माणसाचं.

"सोलेदादबाई असणार जिन्यात," बाल्तासार म्हणाला. "परत घे."

दुसऱ्या वेळी काही आलं नाही. संध्याकाळी पाचला सगळे गेले. जाताना प्रत्येकाने एल्वियाला मिठी मारली. इलेआनाने शेवटी. ती दारातून पुन्हा एकदा स्वयंपाकघराकडे पाहत राहिली.

४

पहिली गोष्ट मिठाची.

मिठाची बरणी शेगडीच्या उजवीकडे असे. तीस वर्षं उजवीकडेच. शुक्रवारी एल्वियाने न बघता हात घातला आणि हात रिकामा आला. बरणी डावीकडे होती.

त्या पोरांनी हलवली, तिने मनाशी म्हटलं, आणि परत ठेवली. शनिवारी बरणी पुन्हा डावीकडे.

मग स्वयंपाकघरातलं फडकं. ती नेहमी मधोमध दुमडून दांडीवर टाकायची. आता ते तीन घड्यांचं, नीट, कडा जुळवून ठेवलेलं असे. तिच्यापेक्षा नीट. वय झालं, ती म्हणाली. हात आपोआप काही करतो आणि डोक्याला सांगत नाही. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतसुद्धा होतंच की तसं.

गुरुवारी पाणीवाला जार खांद्यावर घेऊन वर आला. एल्विया नुकतीच बाजारातून येऊन कुलपात किल्ली घालत होती.

"दोन आणलेत, दोन्या. खिडकीतून सांगितलंत तसं."

"मी? मी आत्ता खालून येतेय. आणि मला एकच लागतो."

"मग बहिणीने सांगितलं असेल."

"बहीण नाही मला."

"तर मग तुमच्या आवाजाच्या दुसऱ्या कुणीतरी," तो कपाळ पुसत म्हणाला. "मी खाली उतरवणार नाही हं परत. पाठ मोडली."

तिने दोन्ही जार ठेवून घेतले. घाबरायला हवं होतं, आणि थोडी घाबरलीही. पण खरं सांगायचं तर तिला उत्सुकताही होती. लहानपणी घरात पाहुणे येणार असले की असायची तशी. सकाळी उठल्यावर, आज काय हललं असेल, म्हणून ती आधी स्वयंपाकघरात धावे. एकदा तर तिने हसत हसत टेबलावर दोन कप मांडले, सिनेमातल्या बाईसारखे.

"काय ग, हल्ली गुणगुणतेस," दोन्या सोलेदाद जिन्यात म्हणाल्या. "कुणी मिळाला की काय?"

"या वयात?"

"मग भिंतीपलीकडून दोन बायका बोलतात त्या कोण? दुपारभर चालतं तुमचं."

एल्विया गेल्या तीन दुपारी घरात नव्हती. गावभर फिरून ती सिनेमाच्या दिवसासाठी निळं कापड शोधत होती.

५

सिनेमा सप्टेंबरातल्या एका रविवारी लागणार होता, दुपारी बाराला. एल्वियाने कापड आणलं, झगा बेतला, आणि धीर करून सुलेमाला फोनवर बोलावलं. "बघते," सुलेमा म्हणाली. दोन वर्षांत "बघते"च्या पुढे गाडी गेली नव्हती.

एका बुधवारी ती दोऱ्यांची रिळं घेऊन घरी आली. कुलूप काढलं. सवयीने म्हणाली, "येऊ का?"

"या ना," आतून उत्तर आलं.

हातातली पिशवी तशीच. पहिला विचार आला रेडिओचा. रेडिओ लावून गेले असणार. ती आत गेली. रेडिओ बंद होता, प्लग काढून ठेवलेला. मशीनच्या सुईखाली तिच्या निळ्या झग्याची बाही होती, अर्धी शिवलेली. ती तर तिने कापलीसुद्धा नव्हती. टिपा इतक्या बारीक, इतक्या सरळ, की तिला आपल्या हाताची लाज वाटली. तिने मशीनच्या चाकावर तळवा ठेवला. कोमट होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई!" सुलेमाचा आवाज. कसा खुललेला! "मी तिकीट काढलं. शनिवारी निघते. काल तुझ्याशी बोलले ना, रात्रभर झोप नाही आली आनंदाने."

"काल?"

"आता नाटक नको. तासभर बोललो आपण. आई, तू किती बदललीस ग. एकदाही टोचून बोलली नाहीस. आणि ते जॅकेटचं म्हणालीस ना, 'घेऊन ये पोरी, अजून खूप माया आहे त्यात'..." ती म्हणाली, "मला दोन वर्षं तेवढंच ऐकायचं होतं."

एल्वियाच्या तोंडात शब्द आले होते. ती मी नव्हे. मंगळवारी मी घरात नव्हते. पण मुलगी येत होती! सुलेमा येत होती! ते सांगितलं तर ती येईल का?

"हो," एल्विया म्हणाली. "घेऊन ये."

फोन ठेवून तिने वर पाहिलं. फडकं दांडीवर तीन घड्यांत होतं, आणि हळूच हलत होतं, कुणीतरी नुकतं हात पुसून ठेवावं तसं.

६

रविवारी थिएटर गच्च भरलं. निळ्या झग्यात एल्विया तिसऱ्या रांगेत, एका बाजूला बाल्तासार, दुसऱ्या बाजूला इलेआना, आणि इलेआनाच्या पलीकडे सुलेमासाठी धरून ठेवलेली खुर्ची. सुलेमाची बस सकाळी अकराला येणार होती. ती थेट थिएटरवर येणार असं ठरलं होतं.

दिवे मंद होताना मोबाईल थरथरला. "आई, तू सांगितलंस तसं सरळ घरीच जाते. तुझ्या मोलेच्या रश्शाचा वास आत्तापासूनच येतोय!"

पोर गोंधळली, एल्वियाला वाटलं. मी कुठे सांगितलं? पण पडदा उजळला होता.

पहिली गोष्ट भुयारी रेल्वेत गाणाऱ्या म्हाताऱ्याची. दुसरी लिफ्टमध्ये काम करणाऱ्या बाईची. आणि मग तिसरी. भल्यामोठ्या पडद्यावर तिच्या हिरव्या फरशा! तिचे पडदे! नटी दाराकडे तोंड करून बसली होती, एल्वियाने सांगितलं होतं तशी. मागे कुणीतरी हुंदका दिला. एल्वियाने बाल्तासारचा दंड घट्ट धरला, तिला ओरडावंसं वाटत होतं.

गोष्ट संपली. नटी उठून गेली. पडद्यावर रिकामी खोली उरली, आणि ती शांतता, फ्रिजची घरघर, नळाचा थेंब. एक मिनिट.

पडद्यावरच्या त्या खोलीत मागे, स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभी होती. पाठमोरी. एल्वियाचा एप्रन, एल्वियाचा अंबाडा. डाव्या हाताने ती फडकं दुमडत होती. एक घडी. दुसरी. तिसरी.

"तुम्हाला तसंच ठेवलं," बाल्तासार कुजबुजला. "सुंदर दिसलं. तुम्ही कधी गेलात तिकडे, कळलंच नाही."

इलेआनाची बोटं एल्वियाच्या मनगटावर आली. गार होती.

"त्या तुम्ही नाही," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात. हेडफोन लावून."

पडद्यावरची बाई वळू लागली. गाल दिसला, कानातलं दिसलं. एल्विया उठली. लोकांच्या गुडघ्यांना आपटत, "माफ करा, माफ करा" म्हणत ती दाराकडे निघाली. मुलगी घरी पोचली होती.

७

दुपारचे पावणेदोन. साबिनो गल्लीत लख्ख ऊन होतं, फुगेवाला झाडाखाली उभा होता, कुठेतरी दोन कुत्री भांडत होती. एल्विया जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली. भीतीने की आनंदाने ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सुलेमा आली होती. तिचं हसणं जिन्यातच ऐकू येत होतं, लहानपणीचं, पोटातून येणारं हसणं.

सहा नंबरचं दार बोटभर उघडं होतं.

फटीतून टेबल दिसत होतं. दोन पानं मांडलेली. सुलेमा दाराकडे पाठ करून बसली होती. खुर्चीच्या पाठीवर ते जॅकेट. ताटात मोले वाढणारा हात दिसत होता, डावा, कोपरापर्यंत. बाही निळी होती.

"मी राहते आई," सुलेमा म्हणत होती. "परत नाही जात. चालेल ना?"

वाढणारा हात थांबला आणि तिच्या केसांवरून फिरला. कसा फिरला! एल्वियाला कधी जमलं नव्हतं तसा.

आत घुसायचं. दार ढकलायचं. हे माझं घर आहे, ही माझी मुलगी आहे, म्हणायचं. एल्वियाने हात दारावर ठेवला. आणि उंबरठ्यावर, बावन्न वर्षांच्या सवयीने, तिच्या तोंडून आलं, "येऊ का?"

हसणं थांबलं.

"आई, कुणीतरी आलंय," सुलेमा म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

पावलं वाजली. अगदी दारापाशी आली. फट अंधारली, आणि आतून एल्वियाच्याच आवाजात, आर्जवाने, घरच्या बाईने बोलावं तसं कुणीतरी म्हणालं,

"या ना. तुमचंच घर आहे."

याला काय उत्तर द्यायचं हे तिला कळतं झाल्यापासून ठाऊक होतं. एकच उत्तर होतं. ती 'हो' म्हणू शकली असती. तिचे ओठ हललेही. पण आत सुलेमा वाट पाहत होती, शांत, सुखात, ताटावर वाकलेली.

"आभारी आहे," एल्विया म्हणाली.

दार हळूच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला दोन्या सोलेदाद पाव आणायला निघाल्या, तेव्हा सहा नंबरमध्ये शिलाई मशीन सुरू झालं होतं आणि दोन बायका हसत होत्या. जिन्याच्या पायरीवर निळ्या झग्यातली एक बाई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने जागा करून दिली, म्हणून दोन्या सोलेदादनी थांबून आपुलकीने विचारलं, "कुणाकडे आलात, बाई?"